आमीनचा आवाज

हुफूफ, अल-अहसा
१५ रमजान १४३८

प्रिय हेस्सा, सलाम.

यापुढे मला फोन करू नकोस, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहावं लागतं आहे. काल तू एकामागून एक फोन केलेस. मी उचलले नाहीत. शेवटी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. तुझ्यावर राग नाही. पण सोमवारी आपल्या दोन देशांमधली सरहद्द बंद झाली, आणि तेव्हापासून इथे जो तो सांगतो आहे की कतारबद्दल सहानुभूती दाखवणं हाही गुन्हा धरला जाईल. सहानुभूती म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. मी आयुष्यभर मुलींची शाळा चालवली. नियमाचा अर्थ मुद्दाम मोकळा ठेवला की तो कशासाठी ठेवतात, हे मला कळतं.

पत्रं बदरियामार्फत येतील. तिचा दीर खजुरीच्या सौद्यांसाठी कुवेतहून इथे येत असतो, आणि कुवेतची विमानं अजून तुमच्याकडे उतरतात. कॉलेजच्या वसतिगृहात आपल्या दोघींचं भांडण झालं की बदरियाच आपले निरोप या खाटेवरून त्या खाटेवर पोचवायची. चाळीस वर्षांनी तिच्याकडे पुन्हा तेच काम आलं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या नागरिकांना चौदा दिवसांत कतार सोडून परत यायचा हुकूम आहे. अनूद तुझी सून झाली तरी तिचा पासपोर्ट आमचाच आहे, म्हणजे हुकूम तिलाही लागू. आठव्या महिन्यात असलेल्या मुलीनं कुठून कुठे जायचं? डॉक्टरांकडून प्रवासाला मनाई असल्याचा कागद घे, त्यावर शिक्का मारून घे, आणि बदरियाकडे पाठव. मी तो इथे योग्य जागी देईन. अब्दुल्लतीफला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "मुलगी नवऱ्याच्या घरी आहे, राहू दे." बाप म्हणून बरोबर आहे. पण कागदाशिवाय बरोबर असण्याला हल्ली किंमत नाही.

माझ्या भावाची काळजी करू नकोस. कालचा खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, वरून लिहून आला होता: राज्यकर्त्याची आज्ञा पाळा, फितूर शेजाऱ्यापासून सावध राहा. इमाम म्हणून अब्दुल्लतीफनं शब्दन् शब्द वाचला. एक गाळला नाही, एक घातला नाही. आवाज मात्र असा लावला, जणू किराणा मालाची यादी वाचतो आहे. पण आवाजाला अजून कायदा नाही. म्हणून मी निर्धास्त आहे.

तुझी,
लुलवा


दोहा
१४ जून २०१७

मुख्याध्यापिकाबाई, सलाम.

इतक्या वर्षांनी तुझ्या हातचं पत्र आलं आणि त्यातही हुकूमच. अक्षर तेच, प्रत्येक टिंब रांगेत उभं. मी डोळ्यांना लावलं आणि मग हसले. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. शिक्के दोन घेतले, एक तुझ्या समाधानासाठी.

इथली हकीगत ऐक. पहिल्या दिवशी दुकानांत दूध संपलं. आमच्या शेजारीणबाईंनी इतकं दूध भरून ठेवलं की त्याचं दही लावून आता गल्लीभर वाटताहेत. चौथ्या दिवशी तुर्कस्तानचं दूध आलं. तुमचा जावई गानिम बाटलीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता, मी म्हटलं, "बाळा, गाईला कुठली भाषा येते याच्याशी आपल्याला काय करायचंय, पी." हसतोय आम्ही, पण घशाखाली उतरत नाही. गानिमच्या काकांचे उंट तुमच्या बाजूच्या चराईवर होते. त्यांनाही हाकलून दिलं. सरहद्दीच्या फाटकाशी शेकड्यांनी उंट उन्हात उभे होते, ना इकडे पाणी ना तिकडे. काका तिथून आले ते थेट आडवे झाले. तुमच्या बाजूचे जे गुराखी त्यांना अब्बू म्हणायचे, त्यांनीच काठ्या मारल्या, असं नंतर म्हणाले. मारताना मान खाली घातली होती म्हणे.

अनूदचे पाय सुजलेत. खाते कमी, विचार जास्त करते. फोन कानाशी धरून पडलेली असते. काय ऐकतेस विचारलं तर सांगत नाही. काल एवढंच म्हणाली, "खालाजान, बाळाच्या कानात अजान बाबा देणार होते." मी म्हटलं, तोवर उघडेल सगळं. भावाभावांची भांडणं ईदपर्यंतच टिकतात.

तू उगीच घाबरतेस. हे राजेलोकांचं रुसणं आहे. आपलं काय त्यात?

तुझीच,
हेस्सा


हुफूफ
२२ रमजान

हेस्सा,

कागद मिळाला, दिला. घेणाऱ्यानं वाचला, ठेवून घेतला, पोच दिली नाही.

आता घडलं ते लिहिते. शांतपणे वाच आणि अनूदला सांगू नकोस.

रमजानात नमाजाच्या शेवटी हात उचलून अब्दुल्लतीफ जी लांब दुआ मागतो, ती तू इथे असताना ऐकली आहेस. वीसेक वर्षं तीच दुआ, त्याच क्रमानं. आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी, पावसासाठी. आणि मग ती एक ओळ: "या अल्लाह, आमच्या माणसांची मनं जुळव, नातलगांना नातलगांपासून तोडू नकोस." ही ओळ आमच्याकडे सासूसुनांच्या भांडणासाठी आहे, अशी आम्ही बायका थट्टा करायचो.

परवा मी बायकांच्या बाजूला पडद्यामागे होते. आजाऱ्यांसाठी आमीन झालं, नेहमीसारखं. मेलेल्यांसाठी झालं. पावसासाठी झालं. मग ती ओळ आली आणि पलीकडून जो आमीन आला, तो मी जन्मात ऐकला नव्हता. दाराच्या काचा थरथरल्या. इथे असं घर नाही, ज्याची मुलगी, आत्या नाहीतर मामा तुमच्याकडे नाही. माणसं हुंदके देत होती. माझ्या शेजारची म्हातारी जमिनीवर हात आपटायला लागली.

आणि माझ्या भावाला तू ओळखतेस. लोक रडायला लागले की तो दुआ पुन्हा म्हणतो. त्याची जुनी सवय, त्याच्या उस्तादांचीही होती. मागणाऱ्याला घाईनं पुढे नेऊ नये, असं ते सांगायचे. त्यानं ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली. आमीन आणखी मोठा. तिसऱ्यांदा म्हटली. त्यानंतर पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा मी हरीसासाठी गहू निवडत होते.

मी म्हटलं, "तीनदा का म्हणालास?"

"लोक आमीन म्हणत होते, लुलवा. ते मागत असताना मी थांबू?"

"ते काय मागत होते, तुला कळत होतं."

"मी अल्लाहकडे मागत होतो. कुठल्या कचेरीकडे नाही."

"कचेरीलाही कान आहेत."

"मग तिनंही आमीन म्हणावं," तो म्हणाला, आणि माझ्या पुढ्यातले चार गहू उचलून तोंडात टाकायला गेला. रोजा आठवला तसे परत ठेवले. मला हसू आलं नाही.

आमचा मुअज्जिन, अजान देणारा, नवा आहे. दोन महिन्यांपूर्वी रियाधहून आला. हातात सतत फोन. त्याच्यावर माझी नजर आहे.

लुलवा


दोहा
२१ जून २०१७

माझ्या लुलू,

तुझं पत्र आलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना, कारण त्यातलं सगळं आम्ही आधीच ऐकलं होतं. फक्त आम्ही नाही. सगळ्या दोह्यानं ऐकलं.

सोमवारी बाजारात गेले तर अत्तरवाल्याच्या दुकानात फोनवर तुझ्या भावाचा आवाज, तीच दुआ. मी जागीच थांबले. दुकानदार हात वर करून उभा, गिऱ्हाईकही हात वर करून उभं. तो तीन वेळा आलेला आमीन संपला तेव्हा दुकानदारानं डोळे पुसले आणि माझ्याकडून पैसे घेईना. गाड्यांत तेच, पुरुषांच्या बैठकांत तेच. काल टीव्हीवर एका गृहस्थानं नाव घेऊन सांगितलं: अहसाच्या मशिदीत शेख अब्दुल्लतीफ यांनी सत्य बोलून दाखवलं, आणि त्यांच्या लोकांनी आमीन म्हणून कौल दिला. कौल, असाच शब्द वापरला. माझी मान ताठ झाली, लुलू. माझ्या सुनेचा बाप आहे, असं मी भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं.

तुला भीती वाटते ते समजतं. पण जो माणूस इतक्या जणांना माहीत झाला, त्याला हात लावायची कुणाची छाती होईल? त्याचं नाव जितकं मोठं होईल तितका तो सुरक्षित. गानिमही हेच म्हणतो.

मुअज्जिनावर संशय घेऊ नकोस. बिचारा कशाला असं करेल?

ईद मुबारक, आधीच लिहून ठेवते.

हेस्सा


हुफूफ
३ शव्वाल

हेस्सा,

अब्दुल्लतीफला घेऊन गेले.

ईदची नमाज झाली, लोक गळाभेटी घेऊन पांगले, आणि घरी पाहुणे म्हणून तिघे आले. धुतलेले कपडे, अत्तर लावलेलं. ईद मुबारक म्हणाले. मी कहवा पाठवला, खलास जातीची खजूर पाठवली. त्यांनी खाल्ली आणि खजुरीची तारीफ केली. मग त्यांतला वयानं मोठा म्हणाला, "शेख, दोन शब्द बोलायचे आहेत, आमच्यासोबत चला. उन्हं चढायच्या आत परत सोडतो."

अब्दुल्लतीफनं त्याचा ईदचा बिश्त अंगावर घेतला. मी औषधांची पिशवी घेऊन दारात गेले. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या. तो माणूस म्हणाला, "बाई, याची गरज पडणार नाही." मी पिशवी पुढे धरूनच उभी राहिले. त्यानं घेतली नाही. माझ्या भावानं मागे वळून मला सांगितलं, "हरीस गार होऊ देऊ नकोस."

आता मी सांगते ते कर. ते ध्वनिमुद्रण जिथून जिथून पुसता येईल तिथून पुसून टाका. टीव्हीवरच्या त्या गृहस्थाला कुणीतरी गप्प करा. दोह्यात कुणी माझ्या भावाची तारीफ केली की इथे त्याच्या दाराला आणखी एक कुलूप लागतं. तुला हे कळत नाही, कारण तारीफ झालेल्या माणसाला तुमच्याकडे जेवायला बोलावतात.

आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. ते तुमच्यापर्यंत आलं कसं? मुअज्जिनाशी मी बोलणं टाकलं आहे. तू त्याची बाजू इतक्या खात्रीनं का घेतलीस?

लुलवा


दोहा
५ जुलै २०१७

लुलू,

घाईत लिहिते, अक्षर सांभाळून घे.

आधी चांगलं सांगते. अनूदला रविवारी मुलगा झाला. महिनाभर आधी आला, पण रडणं खणखणीत आहे. अजान गानिमनं दिली. देताना मधल्या ओळी चुकल्या, पुन्हा सुरुवात करावी लागली. अनूद तोंड फिरवून पडली होती. नंतर म्हणाली, "बाबांचा आवाज कुठे असेल तर आत्याला पाठवायला सांगा. अजानच पाहिजे, दुसरं काही नको." असेल का तुझ्याकडे?

नाव अब्दुल्लतीफ ठेवलं. दुसरं कुठलं ठेवणार?

आम्ही गप्प बसलेलो नाही. गानिमनं वकिलांच्या एका संस्थेला गाठलं. जुम्म्याला आमच्या मशिदीत इमामांनी नाव घेऊन सुटकेसाठी दुआ मागितली आणि मशीद दुमदुमली. बाळाच्या नावाची बातमी छापून आली, आजोबांच्या फोटोसकट. तू म्हणतेस पुसून टाका. लुलू, आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. आणि खरं सांगू, पुसावं असं मला वाटतही नाही. आपण गप्प बसलो तर त्यांना विसरायला किती वेळ लागेल?

तू विचारलंस ते वाचलं. पुढच्या पत्रात लिहीन.

हेस्सा


हुफूफ
१८ शव्वाल

हेस्सा,

नातू झाल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं नाही. तुझं पत्र काल आलं. मला ते चार दिवस आधी एका तरुण अधिकाऱ्यानं सांगितलं.

मला बोलावणं आलं होतं. गार खोली, स्वच्छ टेबल, पाण्याची बाटली. अधिकारी गोड बोलणारा. त्याची आई माझ्या शाळेत होती म्हणे. "अम्मी अजून तुमचं नाव काढलं की ताठ बसते," असं म्हणाला. मग म्हणाला, "नातू झाला, मुबारक असो. आजोबांचंच नाव ठेवलं ना?"

मला माहीत नव्हतं, हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. म्हटलं, "अल्लाहची कृपा."

त्यानं एक फाइल उघडली. आत तुमच्याकडचे कागद होते. टीव्हीवरच्या गृहस्थाचं बोलणं टाइप केलेलं. अत्तरवाल्याच्या दुकानाचा फोटो. वकिलांच्या संस्थेचं पत्र, खाली गानिमची सही. सगळ्यात वर बाळाची बातमी.

मी विचारलं, "माझा भाऊ चुकीचं काय बोलला, ते एकदा सांगा."

"काहीच नाही," तो म्हणाला. "ती दुआ माझे वडीलही मागतात. शब्दांबद्दल आमची तक्रारच नाही."

"मग?"

"बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्हीच सांगा. पावसासाठी लोक इतक्या मोठ्यानं आमीन म्हणाले का? रोगराईसाठी म्हणाले का? हा आवाज शेखांनी लोकांतून काढला, आणि एकदा काढून थांबले नाहीत. ज्याला हे एकदा जमलं, त्याला पुन्हाही जमेल." मग फाइलवर बोट ठेवून म्हणाला, "आणि तो आवाज कुणाला हवा होता, ते हे सांगतं."

मी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. या वेळी त्यानं घेतली. दर गुरुवारी फाटकावर आणून द्या, पोचतील, असं म्हणाला.

उठताना त्यानं जे सांगितलं, तेच या पत्राचं कारण. "त्यांची मुलगी परत आली आणि तिकडच्यांनी आपल्या वडिलांचा वापर केला असं तिनं बोलून दाखवलं, तर प्रकरण सोपं होईल." मी बाळाचं विचारलं. तो म्हणाला, "बाळ बापाच्या देशाचं. त्याला इकडे येता येणार नाही."

हे अनूदला कळता कामा नये. ती येणार नाही. अब्दुल्लतीफ इथे असता तर हेच म्हणाला असता, आणि नसला तरी हेच म्हणेल. निर्णय माझा आहे. पत्र वाचून जाळ.

गानिमला सांग, सही करायची इतकी हौस असेल तर मुलाच्या शाळेच्या कागदांवर करावी.

लुलवा


दोहा
२३ जुलै २०१७

लुलू,

पत्र मी जाळलं नाही. उशीखाली ठेवलं आणि बाळाला न्हाऊ घालायला गेले. परत आले तर अनूद माझ्या पलंगावर बसून ते वाचत होती.

आता तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. मुअज्जिनानं काही केलं नाही. कुणीच चोरून काही टिपलं नाही. शेख स्वतःच अनूदच्या लग्नापासून दर रमजानात आपला फोन समोरच्या कट्ट्यावर ठेवून नमाज टिपत, आणि तिला पाठवत. परदेशी गेलेल्या मुलीनं बापामागे नमाज पढावी म्हणून. ती रात्री कानाशी धरून ऐकायची, ते हेच. त्या दिवशीचं ऐकून तिला राहवलं नाही. ते आपल्यासाठीच मागितलंय, असं तिला वाटलं. तिनं घरातल्या बायकांना पाठवलं. फक्त आम्हाला. मी माझ्या बहिणींना पाठवलं. बहिणींना पाठवणं म्हणजे बाहेर देणं, असं मनात आलंच नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं. तुझ्यापुढे खोटं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून गप्प राहिले.

पत्र वाचून अनूद रडली नाही. उठली आणि बॅग भरायला लागली. गानिम आडवा आला. म्हणाला, "वेडी आहेस का, दूध पितं पोर आहे."

ती म्हणाली, "तुझं पोर तुर्की दूध पिईल. माझ्या बापाला दुसरी मुलगी नाही."

मी आजवर तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. गानिमनं पासपोर्ट कपाटात टाकून कुलूप लावलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ती जेवते, बाळाला पाजते, बॅग दाराशी तशीच आहे.

तिचं म्हणणं एवढंच: "आत्या सांगेल तेव्हा मी जाईन, आत्या म्हणेल तर राहीन." मी कुवेतला फोन करून विचारलं. बदरिया म्हणाली, एकदा गेली तर पुन्हा या बाजूला येणं कुणाच्या हातात आहे? मला काही सुचत नाही. तू खोली बंद करून बसणारी, मी दारात उभी राहून रडणारी, कॉलेजापासून हेच चाललंय. दार उघड आणि सांग काय करू.

हेस्सा


हुफूफ
९ मुहर्रम १४३९

हेस्सा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण देण्यासारखं काही हाती नव्हतं. आज आहे. हे पत्र अनूदला दाखव. तिलाच वाचू दे.

मुअज्जिनाशी मी पुन्हा बोलायला लागले. तात्पुरता इमाम म्हणून त्यालाच नेमलं आहे. जुम्म्याला वरून आलेला खुतबा वाचतो, शेवटी छोटी दुआ मागतो. नातलगांची ओळ त्यात नाही. लोक आमीन ओठांतल्या ओठांत म्हणतात. पडद्यामागे आम्हाला ते ऐकूच येत नाही, नमाज संपली हे चपलांच्या आवाजावरून कळतं.

दर गुरुवारी मी फाटकावर औषधं देत राहिले. नाव सांगायचं, पिशवी द्यायची. खिडकीतला माणूस "पोचेल" म्हणायचा. पोचेल म्हणजे पोचलं, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं मुलींना शिकवलं की होईल आणि झालं यांत फरक असतो.

काल निरोप आला की वस्तू घेऊन जा. तोच तरुण होता. या वेळी त्यानं आईचं नाव काढलं नाही.

मी विचारलं, "तो कुठे आहे?"

"वस्तू घ्या, बाई."

"मी वस्तूंचं विचारलं नाही."

त्यानं कागद पुढे सरकवला आणि पेन माझ्या बाजूला फिरवून ठेवलं. मी विचारलं, मुलगी आली तर प्रकरण सोपं होईल म्हणाला होतात, त्याचं काय? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "आता त्याची गरज नाही." ईदच्या दिवशी दारात औषधांबद्दलही हेच ऐकलं होतं.

अनूद, तू येऊ नकोस. बॅग दाराशी आहे ती आत ने आणि रिकामी कर. गानिमला कुलूप काढायला सांग. तुला कोंडायची आता कुणाला गरज नाही. तू ते ध्वनिमुद्रण घरच्यांना पाठवलंस, त्याबद्दल माझ्याकडे पुन्हा कधी लिहायचं नाही. बापानं पाठवलेलं मुलीनं ऐकलं आणि ऐकवलं. याला चूक म्हणायला लावणारे लोक वेगळे आहेत, त्यांचं काम आपण करू नये.

हे घर मशिदीच्या वक्फचं, ते नव्या इमामासाठी रिकामं करायचं आहे. मी थोरल्या चुलतभावाकडे जाते. पत्ता बदरियाकडे आहे.

कुठे काय दिलं आणि घेतलं, ते खाली लिहिते. पुढे कुणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं.

त्यांच्याकडून मिळालं, माझ्या सहीनं:
ईदचा बिश्त, घडी घातलेला.
चष्मा, एक काडी नाही.
घड्याळ, चालू.
तसबीह, त्याची जपमाळ.
औषधांची पाकिटं. मी गुरुवारी गुरुवारी दिलेली सगळी, पहिल्या दिवसापासूनची. एकही उघडलेलं नाही.

नव्या इमामाला, म्हणजे त्याच मुअज्जिनाला, दिलं:
मशिदीच्या किल्ल्या, मोठ्या दाराची आणि बायकांच्या दाराची. घराची किल्ली. किल्ल्या घेताना तो म्हणाला, "बाई, मी नव्हतो." मी म्हटलं, "ठाऊक आहे."

बदरियाच्या दिराच्या हाती, लहान अब्दुल्लतीफसाठी:
बिश्त.
जुनी कॅसेट एक. तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची, तुझा बाप स्वतःच अजान द्यायचा तेव्हाची. फज्रची, पहाटेची अजान, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी पूर्ण ऐकून तपासली आहे. त्यात दुसरं काही नाही. आमीन म्हणणारं कुणी नाही.

लुलवा